उपवास वेगळा, उपाशीपण वेगळे

रोजा म्हणजे नुसते उपाशी राहणे नव्हे. त्याला नियत असते, ठरलेली वेळ असते. पहाटे घरातले कोणीतरी सहरीला उठवते, मगरिबच्या अजानला कोणीतरी खजूर पुढे करते. दिवसभर भूक लागते, पण माणूस त्या भुकेत एकटा नसतो.

२०२० साली मात्र या शहराने दुसरी भूक पाहिली. २५ मार्चला टाळेबंदी सुरू झाली आणि बरोबर महिन्याने, २५ एप्रिलला, पहिला रोजा आला. मशिदी बंद, सामुदायिक इफ्तार बंद. तेव्हाच्या औरंगाबादेत विद्यापीठाच्या आसपास, बेगमपुऱ्यात आणि पहाडसिंगपुऱ्यात, बीड-जालना-परभणीकडची मुले खोली करून राहतात. बहुतेकांचे पोट मेसवर. मेस बंद झाली तसे बरेच जण गावी गेले. जे अडकले त्यांची गुजराण चहा-बिस्किटे, नूडल्स आणि कधीतरी शिजवलेल्या खिचडीवर होऊ लागली.

प्रश्न केवळ पैशाचा नव्हता. सरकारने १० रुपयांची शिवभोजन थाळी ५ रुपयांवर आणली होती. पण शिकलेल्या मुलाला त्या रांगेत उभे राहण्याचा संकोच वाटतो. त्यात तास नाहीत, मित्र नाहीत, रात्र मोबाइलवर आणि सकाळ झोपेत. एकट्यासाठी कोण भाजी निवडणार? घरी परतलेल्यांपैकी काहींना आईच्या हातची भाकरी-वरण मिळाले, तर काही जण कंटाळ्यापोटी दिवसभर काहीबाही खात राहिले.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने ६० किलो वजनाच्या माणसाला रोज साधारण ५० ग्रॅम प्रथिने लागतात. ती डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे यांतून मिळतात; बिस्किटाच्या पुड्यातून नाही. पोट भरते, अंग भरत नाही.

टाळेबंदी उठली, पण लागलेल्या सवयी हुकमाने उठत नाहीत. नाश्ता टाळायचा आणि मध्यरात्री मोबाइलवरून काहीतरी मागवायचे, हे आजही अनेक खोल्यांत चालते. म्हणून वसतिगृहाची मेस ग्रंथालयाइतकीच महत्त्वाची मानायला हवी. ती परवडणारी हवी, वेळेवर उघडणारी हवी आणि साथीच्या काळातही निदान डबा पोहोचवणारी हवी.

बाकीचे काम शेजाऱ्यांचे. इफ्तारची एक प्लेट शेजारच्या घरी पाठवण्याची या शहराची जुनी रीत आहे. यंदा ती प्लेट वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू विद्यार्थ्याच्या दारीही जावी, तो कोणत्याही धर्माचा असो. दिवाळीचा फराळही त्याच दारी जावा. आणि एरवी, सण नसतानाही, जिन्यात भेटल्यावर त्याला एवढे तरी विचारावे: ‘बाळा, जेवलास का?’