व्यास दुप्पट, पाणी चौपट

छत्रपती संभाजीनगरच्या पाण्यावर चर्चा सुरू झाली की ७००, १४०० आणि २५०० हे तीन आकडे ठरलेलेच. जायकवाडीहून शहराकडे येणाऱ्या जुन्या जलवाहिन्या ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या, तर नव्या योजनेतली २५०० मिलिमीटरची. ७०० च्या मानाने २५०० म्हणजे साडेतीन पटींहून थोडे जास्त. मग पाणीही साडेतीन पटच मिळणार, असा हिशेब सहज केला जातो. तो चुकीचा आहे, आणि तो बरोबर करायला लागणारे गणित सातवी-आठवीच्या पुस्तकात ‘बैजिक राशी’ या प्रकरणात प्रत्येकाने शिकलेले असते. एक संख्या आणि एक किंवा अनेक चले यांचा गुणाकार, ज्यात चलांचे घातांक शून्य किंवा धन पूर्णांक असतात, ती एकपदी. व्याख्या पाठ होते, परीक्षेत दोन गुण मिळतात आणि विषय संपतो. एकपदी शिकवण्याची ही रीत बदलायला हवी. वस्तूंची वाढ कशी मोजायची, हे सांगणारे शाळेतले पहिले साधन म्हणून ती शिकवली पाहिजे.

जलवाहिनीचाच हिशेब करून पाहू. नळातून दर सेकंदाला जाणारे पाणी म्हणजे तोंडाचे क्षेत्रफळ गुणिले वेग. क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येतो. म्हणजे ही एक एकपदीच झाली: सहगुणक पायचा चतुर्थांश, व्यासाचा घातांक २, वेगाचा घातांक १. पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने वाहते असे धरले, तर ७०० मिलिमीटरच्या नळातून सुमारे ३३ एमएलडी (म्हणजे दिवसाला दशलक्ष लिटर), १४०० च्या नळातून १३३ एमएलडी आणि २५०० च्या नळातून ४२४ एमएलडी पाणी जाऊ शकते. व्यास दुप्पट झाला की पाणी चौपट होते, आणि २५०० चा नळ ७०० च्या नळाच्या जवळपास पावणेतेरा पट पाणी वाहून नेतो. प्रत्यक्षात किती पाणी येईल ते पंप, वीज आणि शुद्धीकरणाची क्षमता ठरवतात. पण व्यासाच्या डोक्यावरचा तो छोटा २ समजला नाही, तर नागरिकाला कोणत्याही दाव्याची पहिली पडताळणीसुद्धा करता येत नाही.

आपल्या वर्गांत सगळे लक्ष सहगुणकाकडे जाते. ३क्ष आणि ५क्ष मिळून ८क्ष, हे मुले झटपट सांगतात. पण ३क्ष² आणि २क्ष यांची बेरीज ५क्ष³ लिहिणाऱ्या वह्या कुठल्याही शाळेत सापडतील. घातांक ही पदाची जात आहे, हे मनात ठसलेले नसते. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त वापरलेली लेखनपद्धती या बाबतीत अधिक बोलकी होती. अव्यक्त राशीसाठी ‘या’, तिच्या वर्गासाठी ‘याव’, घनासाठी ‘याघ’, नुसत्या संख्येसाठी ‘रू’. आणि सहगुणक त्यानंतर. पद कोणत्या जातीचे ते आधी, किती आहे ते मागाहून. समान जातीच्या पदांची बेरीज-वजाबाकी होते आणि भिन्न जातीची पदे वेगळी ठेवायची, हा नियम त्यांनी आरंभीच घालून दिला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेराव्या शतकाच्या आरंभी नातू चांगदेव यांनी मठ स्थापला, तो चाळीसगावजवळच्या पाटण येथे. आपल्या कन्नडचा घाट उतरला की पलीकडे. तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. हा वारसा आपण अभिमानाने मिरवतो. तो फळ्यावरही दिसायला हवा.

यावर पहिला आक्षेप असा की खरे जग एका पदात मावत नाही. नळात घर्षण असते. अभियंते वापरतात त्या हेझन-विल्यम्स सूत्रात, पाण्याच्या दाबाचा उतार तोच राहिला तर, व्यासाचा घातांक २.६३ येतो, तो अपूर्णांक असल्याने शालेय व्याख्येत ती एकपदीही ठरत नाही. आक्षेप खरा आहे, पण त्यातून उलट घातांकाचेच महत्त्व वाढते: या सूत्राने दुप्पट व्यासाला पाणी चौपट नव्हे, सहा पटींहून अधिक येते. आणि जिथे एक पद पुरत नाही तिथे दोन लागतात, पण तीही एकेक करूनच समजून घ्यावी लागतात. शहराजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचे उदाहरण घ्या. गाडी थांबायला लागणाऱ्या अंतरात दोन पदे आहेत: चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतचे अंतर वेगाच्या पहिल्या घाताने वाढते, ब्रेक लागल्यानंतरचे दुसऱ्या घाताने. प्रतिसादाला १ सेकंद आणि कोरड्या रस्त्यावर वेगात दर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंद घट धरली, तर ताशी ६० किलोमीटरला ही अंतरे सुमारे १७ आणि २० मीटर येतात. १२० ला ३३ आणि ७९. एकूण ३७ मीटरचे ११२ झाले, आणि या वाढीचा मोठा वाटा दुसऱ्या पदाचा आहे. बहुपदी म्हणजे अशा एकपदींचीच बेरीज. वेग वाढत गेला की मोठ्या घाताचे पद बाकीच्यांना मागे टाकते.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो रास्त आहे: अभ्यासक्रम भरगच्च, तासिका थोड्या, परीक्षा डोक्यावर. नळ आणि महामार्ग शिकवायला वेळ कुठून आणायचा? त्यासाठी नवे प्रकरण नको, नवी तासिकाही नको. स्वाध्यायातली दहा कोरडी उदाहरणे आहेत, त्यांतल्या दोनांच्या जागी असे प्रश्न घालता येतील. सरावही होईल आणि अर्थही कळेल. क्रिया घोटून घ्यावी लागते हे मान्यच. पण अर्थाशिवाय घोटलेले गणित परीक्षा संपताच विसरले जाते. ‘चल दुप्पट केले तर ही राशी किती पट होईल?’ हा प्रश्न प्रत्येक एकपदीला विचारता येतो आणि त्याला दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत.

म्हणून बालभारतीच्या पुढच्या पाठ्यपुस्तकात एकपदीच्या व्याख्येखालीच हा प्रश्न छापला जावा, आणि प्रश्नपत्रिकेतही त्याला गुण असावेत. गुण असले की तो वर्गात विचारला जातो, हे वेगळे सांगायला नको. ज्या शहरात पाण्याच्या योजनेवर कोट्यवधी रुपये खर्च होतात, तिथल्या मुलांना नळाच्या व्यासावरून पाण्याचा अंदाज बांधता आला पाहिजे.