ड्रॉइंग कुणाचे?

आमच्या काकांकडे एक प्रीमियर पद्मिनी आहे. या मोटारीचे उत्पादन थांबून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. गेल्या उन्हाळ्यात रेडिएटरची नळी इंजिनाला जोडणारा अ‍ॅल्युमिनियमचा लहानसा एल्बो गंजून गळू लागला. बाजारातून आणलेल्या एका नगाची भोके जुळेनात, दुसरा आठ दिवसांतच गळू लागला. शेवटी काका जुना तुकडा खिशात घालून उद्यमबागेत गेले. पॅटर्नवाला कन्नड बोलणारा, टर्नर मराठी. माप मात्र दोघांचे एकच! एकच नग ओतणे परवडेना म्हणून सहा ओतले. उरलेले पाच महिन्याभरात कोल्हापूर व गोव्याच्या हौशी मोटारवाल्यांनी नेले.

या लहानशा घटनेने मला विचारात पाडले. आपल्या बेळगावात आणि शेजारच्या कोल्हापुरात फौंड्र्यांची काय वाण आहे? पण बहुतेक ओतकाम होते ते दुसऱ्याने दिलेल्या ड्रॉइंगवर. हात आपला, घाम आपला, ड्रॉइंग मात्र परक्याचे. आणि ज्याचे ड्रॉइंग, तोच भाव ठरवतो. जुन्या गाड्यांचे पन्नास-शंभर नग काढणे मोठ्या कारखान्याला परवडत नाही. नेमकी तीच जागा आपल्यासारख्या नवख्यांसाठी मोकळी आहे, असे मला वाटते.

अर्थात जुना तुकडा ठेवून साचा घेतला की काम झाले, असे मुळीच नाही. अ‍ॅल्युमिनियम थंड होताना शेकडा सव्वा ते दीड टक्का आकसते. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. शिवाय झिजलेल्या भागाची नक्कल केली तर झीजही नक्कल होते! रबराचेही तसेच. पेट्रोल-तेलाला चालणारे नायट्राइल रबर ब्रेक ऑइलला चालत नाही, आणि ब्रेक ऑइलला चालणारे ईपीडीएम पेट्रोलात फुगते. आता पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांच्या मूळ नळ्या व पडदे यासाठी घडवलेलेच नव्हते. म्हणजे गरज आहे, पण अभ्यासावाचून ती भागणार नाही.

हिशेबाचेही असेच. हौसेला मोल नसते म्हणतात. धंद्यात मात्र ते मांडावेच लागते. काकांनी पाच नगांना ओतकाम आणि मशिनिंगचे पैसे तेवढे लावले. पॅटर्नचा खर्च व स्वतःचे हेलपाटे विसरले आणि पदरचे घालून बसले.

सर्वांत मोठी गोष्ट जबाबदारीची. एल्बो गळला तर गाडी रस्त्यात उभी राहील. ब्रेकचा किंवा स्टिअरिंगचा भाग तुटला तर माणूस जाईल. ज्याची चाचणी घेण्याची साधने आपल्याजवळ नाहीत, त्या भागाला नवख्याने हात लावू नये. कायदाही पाहिला पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. मूळ भागासारखाच भाग करणे वेगळे आणि गाडीचे रूपच पालटणे वेगळे. आणि आपल्या नगावर दुसऱ्या कंपनीचे नाव ठोकणे ही तर सरळ फसवणूक होय.

मित्रांनो, आपल्यापैकी कित्येकजण शेवटच्या वर्षाचा प्रकल्प विकत आणतात, हे आपण सारेच जाणतो. गुरुजनही जाणतात. त्याऐवजी दरवर्षी बाजारातून नाहीसा झालेला एकच भाग घ्यावा. तो मोजावा, काढावा, ओतावा, एका गाडीला लावून वर्षभर चालवावा आणि फसला तर का फसला तेही लिहून ठेवावे. पुढच्या तुकडीने तेथून पुढे जावे. दहा वर्षांत कॉलेजजवळ दहा ड्रॉइंगे होतील. थोडी असतील, पण आपली असतील.