कोल्हापूर रिकामटेकडं नाही

कोल्हापूर म्हणजे तांबडा-पांढरा, तालीम आणि कट्टा. कॉलेजं पुष्कळ पण काम नाही. हुशार पोरं पुणं गाठतात, उरलेली रंकाळ्यावर बसतात, असं मत हल्ली पुन्हा ऐकवलं जातंय. ऐकवणारे गृहस्थ दोन दिवस राहून गेलेले असतात आणि ते दोन दिवस अंबाबाई, जोतिबा आणि जेवण यांत गेलेले असतात. एवढ्यावर अख्ख्या शहराला आळशी ठरवणं हा अन्याय आहे, आणि तो मला सहन होत नाही.

खाण्याबद्दल एवढंच सांगतो की राबणाऱ्याला भूक लागते.

खरा राग येतो तो 'काम नाही' या वाक्याचा. या गृहस्थांनी एकदा रात्री शिरोलीच्या एमआयडीसीत जावं. रात्रीच्या विजेला दरात सवलत मिळायची, म्हणून तिथल्या फाउंड्र्यांच्या कित्येक भट्ट्या शहर झोपल्यावर पेटत आल्या. चौदाशे अंशांच्या आसपास तापलेलं लोखंड लॅडलमधून साच्यात उतरतं, तेव्हा ओतणाऱ्याचा हात थबकून चालत नाही. धार तुटली की नग बाद. वाळूत ओल जास्त झाली की कास्टिंगमध्ये ब्लोहोल पडतात. ती ओल मुठीत वाळू दाबून सांगणारी माणसं इथं आहेत, आणि लॅबमध्ये तीच ओल मोजणारी डिप्लोमाची पोरंही आहेत. ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या इंजिनांचे भाग इथून देशभर जातात. ही विद्या कुणी बाहेरून आणून दिली नाही. शेतकऱ्यांची ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता उद्यमनगरातले मिस्त्री ती स्वतः बनवू लागले, त्यांच्यामागून फाउंड्र्या वाढल्या. त्याही आधी बाबूराव पेंटरांनी याच गावात चित्रीकरणाचा कॅमेरा घडवला आणि 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. हातानं करून बघायची खोड या गावाला जुनी आहे. ज्याला ती दिसत नाही, त्यानं निदान तिच्यावर निकाल देऊ नये.

पोरं निघून जातात? जातात, आणि जावीत. पण ती आली कुठून, हे कुणी विचारत नाही. चंदगड, आजरा, गगनबावड्याचं पोरगं इथं येतं, राजारामपुरीच्या एखाद्या गल्लीत तिघांत खोली घेतं, मेसचा डबा लावतं. घरी दर दहा दिवसांनी डेअरीकडून दुधाचं बिल मिळतं, त्यातून फी भरली जाते. त्या मेसमागे पहाटेपासून भाकऱ्या थापणाऱ्या बायका असतात. 'काम नाही' म्हणणाऱ्याच्या हिशेबात त्याही नसतात. शाहू महाराजांनी 1901 पासून जातीजातींच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी करायला बळ दिलं. 1962 साली शिवाजी विद्यापीठ झालं आणि तिथंही 'कमवा आणि शिका' रुजलं. शिकणं आणि राबणं या दोन गोष्टी या शहरानं कधी वेगळ्या काढल्याच नाहीत.

आंदोलनांचाही टोमणा असतो. जुनाच आहे, हायकोर्टाच्या खंडपीठाची मागणी निघाली तेव्हाही हाच होता: यांना रस्त्यावर उतरण्याशिवाय उद्योग नाही. टोलविरोधात हे गाव रस्त्यावर उतरलं आणि टोल गेला. दिवसभर दुकान चालवून, शिफ्ट करून लोक मोर्चाला आले होते.

मग माझं म्हणणं काय? मध्यम आकाराच्या शहराची किंमत तिथून किती पोरं गेली यावर करू नये. शेतकऱ्याच्या पोराला परवडेल असं शिक्षण आणि शिकतानाच हाताला काम, हे दोन्ही ते देतं का, ते पाहावं. कोल्हापूर देतं. अजून द्यायला हवं: डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी प्रत्येकाला फाउंड्रीत पगारी काम मिळावं आणि ते परीक्षेच्या गुणांत धरावं.

आणि टीकाच करायची असेल, तर कास्टिंग घासून साफ करतात त्या फेटलिंगच्या विभागात उभं राहून करावी. तिथं इथली आणि बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली माणसं ठेकेदाराच्या हजेरीवर ग्राइंडर धरतात आणि सिलिकाची धूळ छातीत घेतात. त्यांना नीट मास्क, धूळ ओढणारी यंत्रं आणि कायम नोकरी मिळावी म्हणून कुणी लिहिणार असेल, तर त्या लेखाखाली मी आज सही करतो.