मुलाला पट्टीत बसवू नका, पट्टी मुलाप्रमाणे बदला

"डॉक्टर, परवा प्रयोग आहे. एक इंजेक्शन द्या, तेवढा आवाज सुटू दे."

गणपती, जत्रा किंवा नाट्यस्पर्धा जवळ आली की हे वाक्य माझ्या दवाखान्यात हमखास ऐकू येतं. कोकणात आणि गोव्यात गावोगावची हौशी मंडळं अजून संगीत नाटकं करतात. त्यांत शाळकरी मुलं-मुली हौसेनं गातात, याचा मला मनापासून आनंद आहे. तक्रार आहे ती त्यांच्या आवाजाला आपण जसं वागवतो त्याबद्दल.

आधी माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी तेरा वर्षांचा एक मुलगा आला. 'सौभद्र'मध्ये नारद होता. पंधरा दिवसांपासून आवाज बसलेला, तरी तालमी रोज रात्री अकरापर्यंत चालू. वडिलांच्या आग्रहापुढे मी नमलो आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. प्रयोग रंगला, वन्समोअरही मिळाला. आठवड्याभरानं तो आला तेव्हा त्याच्या तोंडून आवाजच उमटत नव्हता. दुर्बिणीतून पाहिलं तर दोन्ही स्वरतंतू लाल आणि सुजलेले होते. तीन महिन्यांच्या आवाजोपचारानंतर बोलणं पूर्ववत झालं. गाणं मात्र त्यानं सोडलं. आवाज पुन्हा दगा देईल, ही भीती मनातून गेली नाही.

इंजेक्शननं नेमकं काय होतं?

स्टेरॉइडनं सूज तात्पुरती उतरते, स्वरतंतू हलायला लागतात आणि आवाज सुटतो. पण इजा तिथेच असते. सूज म्हणजे 'आता थांबा' हा शरीराचा निरोप असतो. तो दाबून आपण मुलाला त्याच दुखावलेल्या जागेवर तीन तास गायला लावतो. निष्णात प्रौढ गायकालाही हे औषध क्वचित आणि तपासणीनंतरच द्यावं. मुलांसाठी 'प्रयोग पार पडावा' हे कारण मला आता पुरेसं वाटत नाही.

या वयात आवाजाचं काय होतं?

साधारण बारा ते पंधरा या वयात मुलांचं स्वरयंत्र झपाट्यानं वाढतं. स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. यालाच आपण 'आवाज फुटणं' म्हणतो. मुलींचा आवाज थोडाच खाली येतो. पण त्यांचाही काही काळ हवा मिसळल्यासारखा लागतो. या काळात गाणं बंद करायची गरज नाही. बंद करायचा तो ताण. गेल्या वर्षीच्या पट्टीत यंदा गळा ताणून गायलं, की स्वरतंतू एकमेकांवर आपटतात आणि हळूहळू त्यांवर गाठी येतात.

"पण बालगंधर्व लहानपणापासूनच गायचे ना?" असं एका आजोबांनी मला सुनावलं होतं. गायचे, पण नारायणराव राजहंस किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले ते १९०५ साली, सोळा-सतराव्या वर्षी. आपण सातवीतल्या मुलाकडून तीन अंकांची अपेक्षा करतो.

माझं मागणं

दिग्दर्शक आणि पेटीवाल्यांना विनंती: नाटक बसवताना पट्टी ठरली, तरी प्रयोगाच्या महिन्यात ती पुन्हा तपासा. मुलाचा आवाज उतरला असेल तर पद खाली घ्या, नाहीतर एखादं कमी करा. मोठ्या भूमिकेला बदली कलाकार तयार ठेवा. मग आजारी मुलावर अख्ख्या मंडळाची अब्रू टांगली जात नाही. तालीम वेळेत संपवा. रात्री उशिरा जेवून लगेच झोपल्यानं आम्ल वर येऊन स्वरयंत्राला त्रास होऊ शकतो. माइक असताना ओरडायला लावू नका.

पालकांना: खडीसाखर, आलं, ज्येष्ठमध यांनी घशाला बरं वाटतं, पण गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंवर नाही. दिवसभर पाणी आणि पुरेशी झोप यांचा उपयोग जास्त. आवाज बसला तर कुजबुजायलाही लावू नका, त्यानंही ताण पडतो. बसलेला आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्या. गाता गाता आवाज अचानक गेला तर गाणं तिथेच थांबवा आणि लगेच दाखवा. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होत असेल तर वाट पाहू नका. मुलांच्या गाठींना शस्त्रक्रिया क्वचितच लागते. बहुतेक मुलं आवाजोपचारानं सुधारतात.

आता कुणी प्रयोगाच्या दोन दिवस आधी इंजेक्शन मागितलं, की मी नाही म्हणतो. वडील चिडतात, मंडळाच्या अध्यक्षांचा फोन येतो. मुलाच्या चेहऱ्यावर मात्र पुष्कळदा सुटका झाल्यासारखं दिसतं. 'मला जमत नाहीये' हे त्याला कुणाला सांगता आलेलं नसतं. तेवढं तुम्ही घरीच विचारलंत, तर त्याला माझ्याकडे यावंच लागणार नाही.