सहीच्या आधीची रात्र

गेल्या महिन्यात संग्रामपूरकडचा एक जुना खातेदार घरी आला. साखरेचा आजार, बरीच वर्षे. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यातून नव्या औषधाच्या चाचणीसाठी त्याला बोलावणे होते. ओसरीवर टेकत म्हणाला, "सायेब, सोमवारी जा लागते. संगं काय काय न्याव?"

मी ओशाळलो. बँकेतल्या नोकरीत अशाच माणसांपुढे कर्जरोखा सरकवून, बोट ठेवून मी "इथे सही करा" म्हणत आलो. पीककर्जाच्या दिवसांत दाराबाहेर रांग असे. कागद वाचून दाखवायला सवड कोणाला? पण त्या सहीने सातबाऱ्यावर बोजा चढे. ही सही देहाची.

जानेवारी २०२५मध्ये आपल्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस भराभर गळू लागले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके आली, रक्ताचे, पाण्याचे, केसांचे नमुने घेऊन गेली. तो रोगाच्या कारणाचा शोध होता, औषधाची चाचणी नव्हे. सुई मात्र दोन्हीकडे सारखीच दिसते, म्हणून फरक समजून घ्यायला हवा. उपचार तुमच्यासाठी असतो; चाचणी एका प्रश्नाच्या उत्तरासाठी असते. तीत तुमच्या वाट्याला नवे औषध येईल किंवा जुने. काही चाचण्यांत तर हुबेहूब दिसणारी, पण औषधच नसलेली गोळीही येते. कोणाला काय, हे बहुधा सोडतीसारखे ठरते.

या क्षेत्राचा पूर्वेतिहास निर्मळ नाही. जानेवारी २००५ ते जून २०१२ या काळात नव्या रसायनांच्या ४७५ चाचण्यांत २,६४४ जण दगावल्याचे सरकारनेच सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. त्यांतले ८० मृत्यू चाचणीमुळे झाल्याचे मानले गेले. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर न्यायालयाने ऑक्टोबर २०१३मध्ये संमती घेतानाचे चित्रीकरण करायला सांगितले. पुढे २०१९मध्ये नवे नियम आले. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई, हा आता उपकार नव्हे, हक्क आहे.

म्हणून घाबरून घरी बसावे काय? मुळीच नाही. २६ ऑगस्ट २०२० रोजी पुण्यात ऑक्सफर्डच्या लशीची चाचणी सुरू झाली. त्याच वर्षी कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यासाठी देशभरातून २५,८०० स्वयंसेवक घेण्याचे ठरले. अशांनी दंड पुढे केला, म्हणून तालुक्याच्या केंद्रावर आपल्याला लस मिळाली.

तेव्हा मी त्याला यादी सांगितली. जुन्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे कागद, चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत घाल. वैदूचा काढा, झाडपाल्याचा रस घेत असशील तर तेही लपवू नकोस. उपाशीपोटी यायचे का, हे फोन करून विचार. नेहमीच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नकोस. घरचे वाचणारे माणूस सोबत ने. माहितीपत्रक मराठीतच माग. खेपा किती, बसभाडे कोण देणार, रात्री त्रास झाला तर फोन कोणाला, चाचणी संपल्यावर औषध मिळणार का, हे विचार. चाचणीची सरकारी नोंदणी झाली आहे का आणि नैतिकता समितीचा संपर्क काय, तेही विचार. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार लागतो. सही झालेल्या कागदाची प्रत तुला मिळालीच पाहिजे. आणि मधेच नको वाटले तर बाहेर पडता येते; त्यापायी नेहमीचे उपचार कोणी तोडू शकत नाही.

तो ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "डाक्तरले इतकं इचारलं तं राग नाही येत?"

प्रश्न खरा हाच होता. आपल्याकडे डॉक्टर, तलाठी, बँकेचा साहेब यांना प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा. ती सवय लावण्यात माझाही हात आहे. मी म्हटले, "ज्याला राग येईल, त्याच्या कागदावर सही करू नकोस."

मंगळवारी तो पुन्हा आला. सही केली नव्हती. माहितीपत्रक घरी आणले होते. डॉक्टरांनीच "वाचा, घरच्यांशी बोला, मग या" म्हणून सांगितले होते. रात्री त्याच्या नातीने ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. दोन ठिकाणी पेनाने खुणा केल्या होत्या. ते दोन प्रश्न घेऊन तो पुन्हा जाणार आहे.

सही करील की नाही, ठाऊक नाही. पण करील ती वाचून करील. माझ्या टेबलावर त्याने केलेली एकही सही तशी नव्हती.