रेमोची ध्वनिफीत आणि आमचे मौन

कणकुंबीस माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेला मिळते. याच शिवारातला कळसा नाला मात्र पश्चिमेची वाट धरतो. तो म्हादईला मिळतो, आणि त्याचे पाणी मांडवीच्या रूपाने पणजीपाशी समुद्राला जाते. या पाण्यावरून राज्याराज्यांत तंटा झाला, लवाद बसला, 2018 साली निवाडाही झाला. परंतु येथे राहणाऱ्या माणसाला विचाराल, तर पूर्वेला गेलेले पाणी तेवढे आपले आणि पश्चिमेला गेलेले परके, असे तो कधीही म्हणणार नाही. पाण्याच्या बाबतीत आमच्याजवळ असलेला हा समंजसपणा गाण्याच्या बाबतीत मात्र आम्ही दाखविला नाही. आमची आजची तक्रार तीच आहे, आणि ती प्रथम आमच्या स्वतःविरुद्ध आहे.

1984 साली गोव्यातील शिवोली गावी श्री. रेमो फर्नांडिस या तरुणाने आपल्या राहत्या घरी ‘गोवन क्रेझी’ नावाची एक ध्वनिफीत तयार केली. गीते त्यांची, चाली त्यांच्या. गिटारीपासून सारी वाद्ये त्यांनीच वाजविली, सारे आवाज त्यांनीच दिले, ध्वनिमुद्रणही त्यांनीच केले आणि वेष्टनावरचे चित्रही स्वतःच काढले. पुढे त्या फिती आपल्या पिवळ्या स्कूटरवर लादून ते दुकानोदुकानी फिरले. मुंबईत वास्तुशास्त्र शिकून आलेल्या माणसाने स्वतःचे हे छोटेसे घर असे विटेवर वीट ठेवून उभारले. ही गोष्ट गोव्यातील पुष्कळांना ठाऊक आहे आणि जाणकारांचा एक लहानसा मेळा आजही त्या फितीवर जीव टाकतो. परंतु मराठी नियतकालिकांत तिचे साक्षेपी परीक्षण आलेले आमच्या वाचनात नाही. आमच्या कोंकणी बंधूंनीही तिला साहित्य-संगीताच्या पंक्तीला बसविल्याचे आम्हांस आठवत नाही. हे मौन का?

पहिले उत्तर तत्काळ मिळते: गीते इंग्रजीत आहेत! हा आक्षेप आम्ही हलका लेखीत नाही. 1 नोव्हेंबर 1956 या दिवसापासून सीमाभागातील मराठी माणूस भाषेसाठी काय काय सोसत आला, हे खानापूर तालुक्यातल्या लेखकाला कोणी शिकवावयास नको. शाळेच्या पाटीवरचे अक्षर, कचेरीतला कागद, यांसाठी ज्यांनी उभे आयुष्य वेचले, त्यांच्या गावातून इंग्रजी गीतांची भलामण व्हावी, हे काहींना खटकेल. खटकू द्यावे. भाषेवरचे आमचे प्रेम इतके कच्चे नाही की शेजारच्या अंगणातले इंग्रजी गाणे ऐकल्याने ते विटाळावे.

आणि थोडे मागे वळून पाहावे. सोळाव्या शतकात थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट गोव्यात आला आणि त्याने आमच्या भाषेत ‘क्रिस्तपुराण’ रचिले. ते 1616 साली राचोल येथे छापले गेले. परदेशातून आलेल्या त्या पाद्र्याने मराठीची थोरवी ओव्यांतून गाइली, म्हणून आम्ही आजही त्याला मायेने ‘फादर स्टीफन्स’ म्हणतो, पाठ्यपुस्तकांत स्थान देतो. उत्तमच आहे. पण मग न्याय दोन्हीकडे सारखा हवा. इंग्रजाने मराठी लिहिले तर तो आमचा. आणि शिवोलीच्या गोमंतकीयाने शिवोलीच्या जीवनावर इंग्रजीत गाइले तर तो परका? हा कोणत्या गावचा न्याय?

शिवाय त्या गीतांत आहे काय, हे तरी ऐकावयास हवे होते. नावातच श्लेष आहे. ‘गोव्याचा’ आणि ‘चाललेला’ या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द कानाला जवळजवळ एकच वाटतात, आणि त्यातून ‘वेडा होत चाललेला गोंयकार’ उभा राहतो. मोरोपंतांच्या श्लेषावर माना डोलविणाऱ्या आम्हांला हा श्लेष कळू नये काय? त्या वर्षांतील त्यांच्या एका गीतात टेलिफोनचा जनक ग्रॅहॅम बेल याला उद्देशून गोव्यातल्या दूरध्वनीची थट्टा आहे. दुसऱ्या एका गीतात आपल्याच भूमीवर गोऱ्या पाहुण्याला पायघड्या आणि सावळ्या माणसाला नकार देणाऱ्या वृत्तीवर कोरडा ओढला आहे. सत्ताधीशाला, दुकानदाराला, शेजाऱ्याला नाव न घेता चिमटा काढावा, आणि लोकांनी हसता हसता अंतर्मुख व्हावे, हे काम तियात्रातले ‘कांतार’ पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहे. आमच्या तमाशातला बतावणी करणारा सोंगाड्याही तेच करतो. शब्द इंग्रजी आहेत. बोलणारी जीभ मात्र पूर्णपणे येथली आहे.

दुसरा आक्षेप वाद्याचा. गिटार विलायती! हे ऐकले की आम्हांला हसू येते. ज्या पेटीवाचून आमचे नाट्यसंगीत एक पाऊल टाकीत नाही, ती पेटी फ्रान्समध्ये जन्मली. बालगंधर्वांच्या मागे ऑर्गनचा सूर होता. 1940 साली आकाशवाणीने संवादिनीस परकी म्हणून दाराबाहेर ठेविले आणि ते दार उघडावयास तीस वर्षांहून अधिक काळ लागला. त्या काळात बेळगावात पंडित रामभाऊ विजापुरे यांच्यासारखे गुणी लोक त्याच पेटीवर रागदारीचे सौंदर्य दाखवीत होते. परक्या वाद्याला आपले करणे म्हणजे काय, हे शिकण्यास बेळगावकराला दूर जावे लागले नाही. गोव्यात घुमटाच्या साथीला व्हायोलिन बसले आणि मांडो झाला. तेथे गिटारीने तेवढी सोवळ्याची परीक्षा द्यावी, हे कुठले शास्त्र?

आणि खरे सांगावयाचे तर गोमंतकीय वादकाचा हात मराठी रसिकाला कधीच परका वाटला नाही. 1951 सालचा ‘अलबेला’ आठवावा. संगीत आमच्या सी. रामचंद्रांचे, त्या गाण्यांत जो उसळता ताल आणि ट्रंपेटचा चढा स्वर आहे, त्यामागे चिक चॉकलेट या गोमंतकीय कलावंताचे मोठे देणे आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत अशा कित्येक गोमंतकीयांनी वाद्यमेळ बसविले, सुरावटी लिहून दिल्या. ती गाणी आम्ही लग्नमंडपात वाजविली, अंघोळ करताना गुणगुणलो. म्हणजे हा माणूस पडद्यामागे बसून आमची गाणी सजवीत होता, तोवर तो आम्हांला चालला. तोच स्वतःचे नाव, स्वतःचे शब्द, स्वतःचे गाव घेऊन समोर आला, तेव्हा आम्ही कान बंद केले. स्वतः रेमोंच्या बाबतीतही हेच घडले. पुढे ‘जलवा’चे आणि ‘प्यार तो होना ही था’चे त्यांचे गाणे हिंदी चित्रपटांतून घरोघरी पोचले, 2007 साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि आम्ही म्हणू लागलो, ‘‘अरे, हा तर आपला गोंयकार!’’ दिल्ली आणि मुंबईने ओळखल्यावर शेजाऱ्याने ओळख दाखवावी, याला रसिकता म्हणत नाहीत.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: घरात केलेले हे काम कच्चे आहे, फितीत खरखर आहे. होय, आहे. ती कशामुळे आहे हेही समजून घ्यावे. 1979 साली जपानी कारखानदारांनी एक यंत्र बाजारात आणिले. त्यावर साध्या कॅसेटच्या अरुंद फितीवर शेजारीशेजारी चार स्वतंत्र पट्टे मुद्रित करता येत. तीन पट्टे भरले की ते एकत्र करून चौथ्यावर उतरवावयाचे, म्हणजे पहिले तीन पुन्हा मोकळे होतात. एकटा माणूस अशा रीतीने स्वतःचाच वाद्यवृंद होऊ शकतो. मात्र दर उतरवणीला खरखर थोडी वाढते आणि स्वराची धार थोडी बोथटते. रेमोंनी अशाच चार पट्ट्यांच्या यंत्रावर काम केले. त्यांच्या दोनच वर्षे आधी, 1982 साली, अमेरिकेच्या ब्रूस स्प्रिंगस्टीनने त्याच जातीच्या यंत्रावर घरी बसून ‘नेब्रास्का’ हा गीतसंच मुद्रित केला. त्यातील खरखर म्हणजे प्रामाणिकपणाचा पुरावा, असे जाणकार आजवर सांगत आले आहेत. न्यू जर्सीच्या घरातील खरखर कला आणि शिवोलीच्या घरातील खरखर मात्र दोष, असे मानणाऱ्याचे माप खोटे आहे. त्यातही एक भेद ध्यानात ठेवावा. स्प्रिंगस्टीनच्या पाठीशी बलाढ्य कंपनी होती. रेमोंना आपला माल आपणच वाहावा लागला.

ही फीत सर्वांगसुंदर आहे असा आमचा दावा नाही. काही विनोद त्या काळाबरोबर शिळे झाले आहेत. एकट्या माणसाच्या वाद्यमेळात दुसऱ्याच्या हाताने येणारी अनपेक्षितता कोठून येणार? पण हे सारे परीक्षणात लिहावयाचे असते, आणि परीक्षणच झाले नाही! 1985 साली त्यांनीच ‘ओल्ड गोवन गोल्ड’मध्ये जुन्या गोमंतकीय गाण्यांना नवा साज चढविला. त्यानंतर थोड्याच दिवसांत राजभाषेचा वाद पेटला आणि 4 फेब्रुवारी 1987 रोजी गोव्याचा राजभाषा कायदा संमत झाला. मराठीवादी आणि कोंकणीवादी आम्ही सारे त्या धुमाळीत एकमेकांचे शब्द मोजीत होतो. कोणाच्या भाषेला किती मान, याचा हिशेब करताना आपल्या भूमीत कोण काय गात आहे, हे ऐकावयास कोणालाच सवड नव्हती.

आता उशीर झाला, म्हणून सोडून द्यावे काय? आमच्या घरी त्या काळातल्या फितींचा एक पत्र्याचा डबा आहे. कणकुंबीचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगावयास नको: चार महिने भिंती पाझरतात आणि कपाटातल्या चामड्याला बुरशी येते. फितीवरचा लोहकणांचा लेपही त्या ओलीत सुटू लागतो. मागे आम्ही हा डबा एका ग्रंथालयाला देऊ केला. ‘‘ही पुस्तके नव्हेत,’’ असे उत्तर देऊन त्यांनी तो परत केला. आज ही गाणी महाजालावर सापडतात, असे कोणी म्हणेल. सापडत असतील, परंतु वेष्टन, त्यावरचा मजकूर, मूळचा क्रम, ऐकणाऱ्यांच्या आठवणी हे सारे मिळून एक कृती होते, आणि ती जपणे हे समाजाचे काम आहे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. गोव्यातील आणि बेळगावातील ग्रंथालयांनी पुस्तकांच्या शेजारी ध्वनिफितींना फळी द्यावी. मराठी आणि कोंकणी नियतकालिकांनी, आमच्या या मासिकानेही, घरी जन्मलेल्या गीतसंचांचे परीक्षण कवितासंग्रहाच्या बरोबरीने करावे, मग त्यांची भाषा कोणतीही असो. आणि वाचकहो, तुमच्या माळ्यावर असा डबा असेल, तर पुढचा पावसाळा येण्यापूर्वी तो खाली काढा, पुसा, आणि एकदा तरी ऐका. आम्ही आमचा काढला आहे.