अंतर्गत वास्तुरचनेची उच्च पदवी : अर्जापूर्वींचा विचार

शाळेच्या वार्षिकांत पदव्युत्तर अभ्यासक्रमाविषयीं लिहिणें कांहीं वाचकांस विचित्र वाटेल. ज्यांची शालान्त परीक्षा अद्याप व्हावयाची आहे त्या मुलांपुढें सात-आठ वर्षांनंतर करावयाच्या अर्जाची चर्चा कशास, असें कोणी विचारील, व तें विचारणें रास्तही आहे. आमचें उत्तर इतकेंच कीं, ह्या विशिष्ट अर्जाचा जो मुख्य भाग, तो अर्जाच्या वर्षीं घाईनें तयार करतां येत नाहीं. आणि तो तयार करण्याची सामग्री आज प्रत्येक मुलाच्या घरीं आहे. हल्लीं आमच्याकडे शिफारसपत्रासाठीं वा सल्ल्यासाठीं जे माजी विद्यार्थी व पालक येतात, त्यांत 'इंटिरिअर आर्किटेक्चर' म्हणजे अंतर्गत वास्तुरचना ह्या विषयाच्या उच्च पदवीसाठीं परदेशीं जाऊं पाहणारेही असतात. त्यांचे कागद पाहतां पाहतां आमचें जें मत बनलें तें येथें मांडतों.

सर्वसाधारण समज असा कीं, हा विषय म्हणजे पडदे, रंग, गालिचे व दिवे ह्यांची निवड. ती निवड हाही एक व्यवसाय आहे व त्यांत आम्ही कमीपणा मानीत नाहीं. परंतु अंतर्गत वास्तुरचनेचा मुख्य प्रश्न निराळा आहे. इमारत एका कामासाठीं बांधली जाते. काळ पालटतो, काम पालटतें, भिंती मात्र राहतात. त्या उभ्या भिंतींच्या पोटांत नवें काम कसें बसवावें, हा तो प्रश्न. मुंबईंतील सर कावसजी जहांगीर पब्लिक हॉल १९११ सालीं सभा व संगीताच्या जलशांसाठीं बांधला गेला. पुढें तेथील सभा ओसरल्या. वास्तुविशारद रोमी खोसला ह्यांच्या योजनेनें त्याचा अंतर्भाग बदलून १९९६ सालीं तेथें राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झालें. रस्त्यावरून पाहणाऱ्यास जुनीच इमारत दिसते. आंत गेल्यावर मात्र प्रदर्शनाचे मजले एकावर एक चढत जातात व जिना पाहणाऱ्यास वळवीत वर नेतो. मोठ्या मुलांनीं मुंबईस गेल्यावर ती इमारत अवश्य पाहावी, आणि चित्रांबरोबर जिनाही पाहावा.

दुसरें उदाहरण हॉलंडांतील मास्ट्रिख्ट ह्या गांवचें. तेथील डोमिनिकन मठाचें तेराव्या शतकांतील उपासनामंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस उपासनेच्या उपयोगांतून गेलें. नंतर तें कधीं कोठार झालें, तर कधीं सायकली ठेवण्याची जागा. २००६ सालीं तेथें पुस्तकांचें दुकान थाटलें. उपासनामंदिरांत दुकान हें ऐकून आमच्यासारख्यास प्रथम बरें वाटलें नाहीं, हें खरें; पण सायकलींपेक्षां पुस्तकें बरीं, असेंही मनांत आलें. तेथील कारागिरी अशी कीं, जिने असलेली एक उंच पोलादी पुस्तकरचना एका बाजूस स्वतंत्र उभी केली आहे. जुन्या दगडी खांबांवर तिचा भार नाहीं. उद्यां ती काढून नेली तरी मंदिर जसेंच्या तसें राहील. जुन्याचा मान राखून नव्यास जागा देणें म्हणजे काय, हें ह्या एका उदाहरणावरून चांगलें कळतें.

पालकांनीं पदवीच्या नांवाविषयीं एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण तींत पुष्कळांची फसगत होते. 'आर्किटेक्चर' हा शब्द पदवींत आला म्हणून पदवीधर 'आर्किटेक्ट' होत नाहीं. आपल्या देशांत १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यान्वयें ज्याचें नांव वास्तुकला परिषदेच्या नोंदवहींत आहे त्यासच ती उपाधि लावतां येते, आणि त्या नोंदणीचा सामान्य मार्ग म्हणजे वास्तुशास्त्राची पांच वर्षांची मान्य पदवी. अंतर्गत वास्तुरचनेची उच्च पदवी, मग ती कितीही प्रसिद्ध विद्यापीठाची असो, त्या पदवीची जागा घेत नाहीं. ब्रिटनमध्येंही ही उपाधि कायद्यानें राखलेली आहे. ज्यास इमारती उभारावयाच्या आहेत त्यानें बारावीनंतरच तो मार्ग धरावा. दोन वर्षें परदेशीं राहून मागच्या दारानें तेथें पोंचूं, असें समजूं नये. मोठ्या कर्जास बँका बहुधा घर किंवा जमीन तारण मागतात. घराच्या अंतर्भागाचा अभ्यास करण्यासाठीं स्वतःचें घर गहाण टाकावयाचें, तर निदान कागदावरील शब्दांचा अर्थ तरी आधीं विचारावा. शिवाय ह्या अभ्यासासाठीं समुद्र ओलांडलाच पाहिजे असेंही नाहीं. अहमदाबादेस ज्या संस्थेचा आरंभ १९६२ सालीं झाला त्या सेप्ट विद्यापीठांत अंतर्गत रचनेचा स्वतंत्र विभाग १९९१ पासून चालूं आहे व तेथें उच्च पदवीचीही सोय आहे.

आतां अर्जाकडे वळूं. पूर्वींच्या पदवीचे गुणपत्रक, इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रें, आपण हा विषय कां घेतों हें सांगणारें हेतुपत्र, आणि स्वतःच्या कामाचा चित्रसंग्रह, ज्यास 'पोर्टफोलिओ' म्हणतात, इतकें बहुतेक ठिकाणीं मागतात. सप्टेंबरांत सुरू होणाऱ्या वर्गासाठीं अमेरिकेंतील पुष्कळ संस्थांची मुदत आदल्या डिसेंबर-जानेवारींतच संपते. तेव्हां दिवाळीपर्यंत ज्याचा संग्रह तयार नाहीं त्यानें त्या वर्षीं घाई न केलेली बरी. कित्येक संस्था दुसऱ्या शाखेच्या पदवीधरांसही घेतात, मात्र त्यांचा अभ्यासक्रम लांबवितात. ह्या साऱ्यांत निर्णायक कागद म्हणजे चित्रसंग्रह. गुणांनीं विद्यार्थ्याची चिकाटी कळते; तो पाहतो कसा, हें चित्रसंग्रहावांचून कळत नाहीं.

आणि नेमका हाच कागद लोक विकत घेऊं लागले आहेत. मागें एका पालकांनीं आमच्यापुढें गुळगुळीत कागदावर छापलेली एक पुस्तिका ठेविली. कोणा एजंटानें मोठी रक्कम घेऊन ती मुलास करवून दिली होती. वीस पानें, आणि पानोपानीं संगमरवरी दिवाणखाने, लोंबते दिवे, खिडकीबाहेर निळा समुद्र. माणूस एकही नाहीं. त्या खोल्यांत चपला कोठें काढावयाच्या, ओला टॉवेल कोठें वाळत घालावयाचा, म्हातारें माणूस रात्रीं उठलें तर त्यानें भिंतीस कोठें हात लावावा, ह्याचा पत्ता नाहीं. आम्हीं मुलास एका चित्रांतील जिन्याकडे बोट दाखवून विचारलें, "ह्यास पायऱ्या किती?" त्यास सांगतां येईना. संगणकास चार शब्द सांगितले कीं असा दिवाणखाना तो क्षणांत रंगवून देतो. मग निवड करणाऱ्या अध्यापकांनीं तो पाहून कोणाची परीक्षा करावी? मुलगा आळशी नाहीं, मंदही नाहीं. त्याच्या वडिलांचें शिवणकामाचें दुकान आहे, नऊ फूट लांब व सात फूट रुंद. त्या दुकानांत तो लहानाचा मोठा झाला, आणि तें त्यानें एकदांही कागदावर काढलें नव्हतें.

पुढें त्यानें तें काढलें. कापड बेतण्याचें मेज सकाळीं मेज असतें, दुपारीं त्यावर डबे उघडतात, रात्रीं त्याखालीं कारागीर झोंपतो. गिऱ्हाईक माप देण्यास उभें राहिलें कीं यंत्रावर बसलेल्यास खुर्ची पुढें ओढावी लागते. इस्त्रीची तार दाराच्या चौकटीवरून आडवी जाते, ती धोक्याची. ह्या सर्व गोष्टी त्यानें तीन वेळांच्या तीन नकाशांत मांडल्या, आणि चौथ्या नकाशांत मेजाची केवळ दिशा बदलून व एक फळी वर नेऊन काय साधतें तें दाखविलें. त्या चार पानांपुढें पहिलीं वीस पानें आम्हांस पोकळ वाटलीं. अर्ज गेला आहे. निकाल यावयाचा आहे.

आमच्या मुलांस हें सांगण्याचें कारण असें कीं, जागेची अडचण ही ज्यांस लाजेची गोष्ट वाटते, त्यांच्याच घरीं ह्या विद्येचा धडा अधिक आहे. मुंबईंतील बी. डी. डी. चाळी १९२० च्या दशकांत बांधल्या गेल्या. त्यांतील एकेक खोली सुमारें १६० चौरस फुटांची. तेवढ्यांत चूल, अभ्यास, आजाऱ्याची खाट व रात्रीं सहा-सात माणसांचीं अंथरुणें! मोरीच्या माथ्यावर पोटमाळा, खाटेखालीं ट्रंका, भिंतीवर घडी होणारी फळी. ही योजना करणाऱ्या बायाबापड्यांस कोणी पदवी दिली नाहीं. आतां त्या चाळी पाडून तेथें उंच इमारती उभ्या राहत आहेत. लोकांस मोठीं घरें मिळतात ह्याचा आम्हांस आनंद आहे. परंतु त्या खोल्यांत माणसांनीं जागा कशी पुरविली, ह्याचे नकाशे काढून ठेवणारीं मुलें किती निघालीं असतील? गांवाकडील वाड्याचें माजघर, ओसरी, पडवी, कोनाडे ह्यांचीही तीच गत. आजी आहे तोंवर कोणता कोनाडा कशासाठीं होता तें विचारून घ्यावें.

आरंभ अगदीं साधा आहे. एक मोजफीत व एक वही घ्यावी. खोलीच्या चारही भिंती मोजाव्या, व त्याबरोबर दोन्ही कर्णही मोजावे. समोरासमोरच्या भिंती सारख्या असून कर्ण वेगवेगळे आले, तर कोपरे काटकोनी नाहींत हें भूमितीच्या वर्गांत शिकलेंच आहे. तेव्हां मापें कागदावर बसेनात म्हणून वही फाडूं नये. एकास पन्नास ह्या प्रमाणानें बारा फूट बाय दहा फूट खोली कागदावर सुमारें ७·३ बाय ६·१ सेंटिमीटर होते, म्हणजे वहीच्या अर्ध्या पानांत मावते. दारें कोणत्या बाजूस उघडतात, ऊन केव्हां व कोठवर येतें, पायरीची उंची किती, हें टिपावें. मग खोली उभी कापली असतां कशी दिसेल तें छेदचित्र काढावें. तें नकाशापेक्षां अवघड, पण पोटमाळ्याची खरी उंची त्यांतच कळते. आणि शेवटीं माणसें काढावीं. हात चांगला नसला तरी चालेल, माप खोटें नसावें.

बाळकृष्ण दोशी ह्यांस २०१८ सालीं वास्तुशास्त्रांतील प्रित्झ्कर पारितोषिक मिळालें. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. त्यांचा जन्म १९२७ सालीं पुण्यास झाला, आणि घरचा धंदा लांकडी सामानाचा होता. मुंबईच्या जे. जे. संस्थेंत ते १९४७ सालीं गेले, त्यापूर्वीं कारखान्यांतील लांकडाचा वास व सुताराचा हात त्यांस परिचित होता. सर्वांच्या घरीं कारखाना नसतो हें कबूल. पण सुतार प्रत्येक गांवीं आहे. आमचें तर स्पष्ट मत आहे कीं, पहिली पदवी झाल्यावर लगेच उच्च पदवीचा अर्ज न करतां मुलामुलींनीं दोन वर्षें प्रत्यक्ष कामावर काढावीं. प्लायवुडाच्या ताव्यांतून वाया किती जातें, गिलाव्यास सुकण्यास दिवस किती लागतात, घरधनी सांगतो एक व त्यास हवें असतें दुसरें, हें कळल्यावर हेतुपत्रांत लिहिण्यास कांहीं राहतें. कांहीं पालक म्हणतात कीं, तेवढ्यांत वय निघून जाईल, मुलीचें लग्न लांबेल. मुलीच्या बाबतींत हा आक्षेप अधिक ऐकूं येतो, आणि तो आम्हांस मान्य नाहीं. दोन वर्षांची मिळकत हातीं असली तर कर्जही तितकेंच कमी काढावें लागतें.

राहतां राहिला शिफारसपत्रांचा प्रश्न. वास्तविक ह्या अर्जास महाविद्यालयीन प्राध्यापकांचें, अथवा ज्यांच्या हाताखालीं काम केलें त्यांचें पत्र उपयोगी. शाळामास्तराचें पत्र क्वचितच मागतात. तरीही ज्यांस आमचें पत्र हवें असेल त्यांनीं तें टंकलिखित करून सहीपुरतें आणूं नये. तशा कागदावर आम्ही सही करीत नाहीं. वही आणावी. ती पाहून जें दिसेल तें आम्ही लिहूं, व तें दिवाळीपूर्वीं मागावें.

चित्रकलेच्या वर्गांतील कपाटांत दोन मोजफिती व कांहीं प्रमाणपट्ट्या आहेत. आठवीपासून पुढील विद्यार्थ्यांस त्या शनिवारीं शाळा सुटल्यावर नांव लिहून घरीं नेतां येतील. सोमवारीं पहिल्या तासापूर्वीं परत कराव्या.